परवा बोलू

अंबरपेठ, हैदराबाद
८ जानेवारी १९९५

दादा,

तुझं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं. छापील इंग्रजी शुभेच्छा आणि खाली 'हर्षवर्धन, अलका, निखिल', तेही वहिनींच्या अक्षरात. तू पुण्याला गेल्यापासून दर जानेवारीला हे एक कार्ड येतं. आई ते फ्रीजवर उभं करते, अप्पा त्याच्याकडे न बघता पाण्याची बाटली काढतात, आणि उन्हाळ्याच्या सुमाराला ते केव्हातरी फ्रीजच्या मागे पडतं. यंदा मी ते आधीच उचललं, कारण पाकिटावर तुझा पत्ता होता आणि मला तो हवा होता.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर रागाव, पण उत्तर दे. मला तुझ्याकडून एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. अप्पांच्या, म्हणजे केशवराव ऑडिटरांच्या ऑफिसातून माणूस बाहेर कसा पडतो? या घरात हे करून दाखवलेला तू एकटाच आहेस.

तू गेलास आणि तुझ्या जागी भागीदार म्हणून माझं नाव पाटीवर चढलं. रंगाऱ्याने तुझं नाव नीट खरवडलं नाही, त्यामुळे 'त्रिवेणी'च्या आधी अजून एक पुसट 'ह' दिसतो आणि नवीन अशील मला कुमारी ह. त्रिवेणी म्हणून पत्र पाठवतात. कोठी बाजारातलं ऑफिस तू सोडलंस तसंच आहे. पंखा तोच, खालच्या घड्याळवाल्या चाचांचा खोकला तोच. शहर मात्र कुठल्या कुठे गेलंय. ज्यांचे हिशोब आपण बुटांच्या खोक्यातून काढायचो त्यांची पोरं ब्रीफकेस घेऊन येतात आणि 'पब्लिक इश्यू कधी काढू' विचारतात. आपण त्यांना विचारतो, मागच्या वर्षीचं लाइट बिल कुठाय?

मला याचा कंटाळा आलाय, दादा. कंटाळा म्हणजे वीट. लोक जेवून उठल्यावर ताटं मोजायला जावं, तसं आपलं काम आहे. काय शिजवायचं, कुणाला बोलवायचं, हे सगळं आधीच झालेलं असतं. आपण फक्त सांगायचं की एक वाटी कमी आहे.

तर ऐक. जीडिमेटलाला एक कंपनी आहे. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल बनवते. औषध नाही, नुसती टरफलं. मालक वेंकटरत्नम गारू, सगळे आदराने 'गारू' लावूनच बोलतात त्यांच्याशी. बँकेच्या ऑडिटमध्ये त्यांच्या फाइलवरून माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं, आणि ऑडिट संपल्यावर त्यांनीच निरोप पाठवला की आमच्याकडे या, हिशोबाचं सगळं खातं तुमच्या हातात देतो. नवीन यंत्रं येणार आहेत, माल बाहेरदेशी जाणार आहे, शेअर विकायचे आहेत. एक एप्रिलला या म्हणतात. मी हो म्हटलंय.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. फोन अप्पांच्या उशाशी असतो आणि एसटीडी बूथवर पाठीमागे रांग असते, म्हणून हे पत्र. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. शेजारच्या दळवीणबाईंकडे पाठव.

त्रिवेणी


अंबरपेठ
१९ फेब्रुवारी १९९५

दादा,

उत्तर आलं. धन्य झाले. सख्ख्या बहिणीला कंपनीच्या लेटरहेडवर, टाइप करून, एक ते पाच मुद्दे! तिसरा मुद्दा: 'भावना मधे आणू नयेत.' खाली तुझी सही, आणि सहीखाली तुझा हुद्दा. हुद्दा मला कशासाठी कळवलास? मी तुमच्या कंपनीचे हेडलाइट विकत घेणार आहे का?

तरी तुझं ऐकलं. दुसरा मुद्दा होता 'लेखी द्या', म्हणून लेखी दिलं. सोमवारी सकाळी अप्पांच्या टेबलावर पाकीट ठेवलं. आत मी भागीदारीतून मोकळी होऊ इच्छिते, प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट परत करणार आहे, एक एप्रिलपासून नोकरी धरणार आहे, सगळं व्यवस्थित. अप्पांनी चष्मा बदलला. उभ्यानेच वाचलं. मग खिशातून हिरवी पेन्सिल काढली आणि 'relieved' या शब्दात i आणि e ची अदलाबदल केली. माझं चुकलं होतं, ते सोड. मग सत्यवतीला हाक मारली. सत्यवती म्हणजे आपली टायपिस्ट, तू गेल्यानंतर आली. तिच्या हातात कागद देऊन म्हणाले, "रजेच्या फाइलीला लाव."

रजेच्या! मी त्यांच्यासमोर उभी होते.

रात्री जेवताना मीच विषय काढला. म्हटलं लेखी चाललं नाही, तोंडी सांगते. अप्पांनी कंपनी काय करते विचारलं, मी सांगितलं.

"रिकाम्या?" अप्पा म्हणाले.

"हौ, रिकाम्या."

"म्हणजे आत काहीच नसतं?"

"आत औषध दुसरी कंपनी भरते, अप्पा."

"मग ही कंपनी विकते काय?"

शेवटी आईच मधे पडली. म्हणाली, "अहो, बाजारात डबे विकत नाहीत का? विकताना त्यात लाडू असायला पाहिजेत का?" आई इतकं चांगलं बोलते आणि या घरात तिला पापड भाजायला बसवलेलं आहे. (कॅप्सूल कशापासून करतात ते तिने विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असतं ते. तूही सांगू नकोस.)

अप्पांनी आमटी वाढून घेतली आणि वनस्थलीपुरमच्या कुठल्या सोसायटीच्या ऑडिटला मंगळवारी जायचं आहे म्हणाले. मला म्हणाले, "तू येशील ना?" मी "येईन" म्हटलं. काय म्हणणार होते? तो मंगळवार फेब्रुवारीतच येतो, आणि एप्रिलपर्यंत मी तिथलीच.

दादा, मुद्दे नकोत. तू एक काम कर. त्यांना दोन ओळी लिही. 'तिला जाऊ द्या' एवढंच. तुझा त्यांच्यावर राग आहे, कबूल. तो राग तुझ्यापाशी ठेव आणि दोन ओळी मला दे.

त्रिवेणी


अंबरपेठ
१२ मार्च १९९५

दादा,

आता इथे नवीन नाटक सुरू झालंय. राहुकाळ.

मी कोठीतल्या वकिलाकडून भागीदारीतून निवृत्तीचा करार टाइप करून आणला. अप्पांची एक सही हवी, बाकी काही नको. त्यांनी कागद वाचला, "ठीक आहे" म्हणाले, पेनाचं टोपण काढलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सत्यवतीकडे वळून म्हणाले, "अम्मा, राहुकालम कब है आज?" तिच्या टेबलावर तेलुगू कॅलेंडर असतं, त्यात रोजचा राहुकाळ छापलेला असतो. ती बिचारी सरळ मनाने म्हणाली, "अभीच शुरू हुआ सार." टोपण परत पेनावर.

ज्या माणसाने सगळी हयात राहुकाळात चहा पिण्यात, ऑडिट करण्यात आणि झोपण्यात काढली, ज्याने तुझ्या मुंजीच्या भटजींना 'जरा लवकर आटपा, मला इन्कमटॅक्सला जायचंय' म्हणून सुनावलं होतं, तो आता सहीसाठी राहुकाळ बघतो. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हे. राहुकाळ संपला की दुपारची झोप. झोप झाली की अशील. अशील गेला की अंधार पडल्यावर सही करू नये. असं कोण म्हणालं? "माझी आजी म्हणायची." नांदेडकडच्या कोरडवाहू शेतावर अप्पांच्या आजीने आयुष्यात किती करार केले असतील, तूच सांग.

एक एप्रिल हातचा गेला. मी तोंड वर करून जीडिमेटलाला गेले आणि वेंकटरत्नम गारूंना सांगितलं, घरी थोडी अडचण आहे. ते म्हणाले, "मॅरेज?" मी म्हटलं, "नाही, फादर." त्यांनी मान हलवली, त्यांना कळलं असावं. म्हणाले, बँकांची ऑडिट उरकून घ्या, मेच्या पहिल्या आठवड्यात या. त्यानंतर मात्र थांबणार नाही, शेअर काढायचे आहेत, मद्रासचा एक माणूस तयार आहे. हे त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं, म्हणून मला खरं वाटलं.

म्हणजे मे. मेच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे गेले नाही तर ती खुर्ची मद्रासच्या माणसाची. पस्तिसाव्या वर्षी, बाईला, हैदराबादेत, अशी खुर्ची पुन्हा कोण देणार?

आणि तुझं पत्र. या खेपेस हाताने लिहिलंस, उपकार झाले. पण लिहिलंस काय? 'त्यांनी दिलेला शब्द पाळला नाही, मी त्यांना एक ओळही लिहिणार नाही.' कुठला शब्द? इतकी वर्षं आम्हाला एवढंच माहीत आहे की मी परीक्षेला मद्रासला गेलेले असताना तू नि वहिनी न सांगता निघून गेलात. अप्पा म्हणतात पळाले. आईला विचारलं की ती लसूण सोलायला घेते. तू म्हणतोस शब्द. काय शब्द ते लिही तरी. दोन गाढवांच्या मधे मी उभी आहे आणि दोघंही म्हणतात लाथ दुसऱ्याने मारली.

हे कडक झालं. खोडणार नाही.

त्रिवेणी


अंबरपेठ
२ एप्रिल १९९५

दादा,

तुझं पत्र गुरुवारी दळवीणबाईंनी दिलं. ते मी तीनदा वाचलं. तू लिहितोस, पुण्याच्या नोकरीचं सांगितलं तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, 'परवा बोलू.' तुम्ही परवाची वाट बघितलीत. परवा उजाडला. तू इस्त्रीचे कपडे घालून आणि वहिनी जरीची साडी नेसून सकाळपासून दिवाणखान्यात बसलात, काय काय बोलायचं ते ठरवून. अप्पा आंघोळ करून आले, तुमच्याकडे बघितलं, डबा उचलला आणि वरंगलच्या ऑडिटला निघून गेले, तेही मुक्कामाला. वहिनी म्हणाल्या, यापेक्षा स्पष्ट नकार काय असतो? त्याच रात्रीच्या गाडीने तुम्ही गेलात.

आता इथलं ऐक. पाडव्याचा दिवस, साडेतीन मुहूर्तांतला. म्हटलं आज कुठला राहू आडवा येतो ते बघते. श्रीखंड झाल्यावर करार पुढे केला. अप्पा कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. म्हणाले, "परवा बोलू."

माझा तोल सुटला. म्हटलं, परवा कसला, मला मेमध्ये जायचंय, तुमचा परवा कधी येत नाही. तर झारी तशीच हातात धरून ते म्हणाले, "तुझ्या भावालाही हेच सांगितलं होतं. बेटा परवा बोलू, सुकूनने बोलू. थांबला का? आठ दिवस तरी थांबायचं होतं. मी वरंगलहून येताना विचार करून आलो होतो काय बोलायचं ते. घरी बघतो तर खोली रिकामी."

दादा, मी तिथेच पायरीवर बसले. हसावं की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत ते कळेना.

अरे, तुला आठवत नाही? आपल्या घरात परवा म्हणजे परवा कधी होता? अप्पा उर्दू मीडियमचे, त्यांच्या मराठी परवात दखनी परसों घर करून बसलाय. हैदराबादेत परसों म्हणजे आजच्या मागचा नाहीतर पुढचा कुठलाही दिवस. खालचे घड्याळवाले चाचा सांगतात, "परसों मूसी में तुग़यानी आई थी ना अम्मा, पूरा बाज़ार डूब गया था." तो पूर एकोणीसशे आठ सालचा. चाचा तेव्हा जन्मलेही नव्हते! त्यांच्याकडे दिलेलं घड्याळ 'परसों ले जाओ' म्हणाले की आपण दिवाळीनंतर जातो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पण तू दहावीनंतर मामाकडे पुण्याला गेलास, कॉलेज तिथे, आर्टिकलशिप तिथे, बायको तिथली. तिथे परवा म्हणजे उद्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि तोही वेळेवर. वहिनींचा यात दोष नाही. त्या बिचाऱ्या दिवाणखान्यात जरीची साडी नेसून बसल्या, कारण त्यांच्या माहेरी दिलेल्या शब्दाला वार असतो. आपल्याकडे वार नसतो.

मी अप्पांना सांगितलं. म्हटलं, अप्पा, त्याला वाटलं तुम्ही खरंच परवा म्हणालात.

"मग? खरंच म्हणालो होतो."

"अहो, त्याला वाटलं त्याच दिवशी."

"परवा म्हणालो," अप्पा म्हणाले. "परवाच म्हणालो का?"

एक 'च', दादा! एका 'च'साठी निखिल सहा वर्षांचा झाला आणि त्याने आजोबा पाहिलेले नाहीत. आई दर दिवाळीला अनारसे करते आणि एक डबा बाजूला काढते, मग संक्रांतीला तो सत्यवतीला देते. मला इतका संताप आलाय की कुणावर काढू कळत नाही. तुझ्यावर काढते, तू लांब आहेस.

पण पुढचं लिहिलंच पाहिजे. अप्पांनी झारी पुन्हा कुंडीवर वाकडी केली. मग विचारलं, "सकाळपासून बसला होता?"

मी म्हटलं, "हौ. इस्त्रीचे कपडे घालून."

"मला वाटलं, कुणाच्या लग्नाला चाललेत," अप्पा म्हणाले. झारीतलं पाणी संपलं होतं आणि ते झारी तशीच कुंडीवर वाकडी धरून उभे होते. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

तू ये. सुट्टी मिळत नाही, निखिलची परीक्षा आहे, गाडीला गर्दी आहे, यातलं काही मला लिहू नकोस. याच महिन्यात ये. तारीख लिहून कळव, वार लिही, गाडीचं नाव लिही. मी नामपल्ली स्टेशनवर येते.

त्रिवेणी


अंबरपेठ
३० एप्रिल १९९५

दादा,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. या खेपेस अक्षर तुझं होतं. आईने फ्रीजवर ठेवलंय, अप्पांनी बाटली काढताना ते उचलून वाचलं आणि परत ठेवलं.

मला वाटलं होतं तू आलास की मोठं काहीतरी होईल. रडारड, निदान भांडण. दोन दिवस तुम्ही काय बोललात? मलकपेठच्या बाजारातले आंबे. पुण्याचं पाणी. निखिलचा दाखला. स्कूटरची टाकी किती लिटरची. मी आणि आई स्वयंपाकघरात कान लावून उभ्या, आणि बाहेर आपले तुम्ही 'बंगनपल्ली गोड की हापूस' हा प्रश्न सोडवताय! पुरुषांना समेट करता येत नाही, त्यांना फक्त विषय बदलता येतो.

म्हणून शुक्रवारी मी तुम्हा दोघांना ऑफिसात नेलं आणि करार टेबलावर आपटला. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. अकरा वाजून गेले होते, शुक्रवारचा राहुकाळ ऐन भरात. तुझी पाठ होती म्हणून तुला दिसलं नाही, सत्यवती डोळे मोठे करून अप्पांना कॅलेंडर दाखवत होती. अप्पा म्हणाले, "चूप बैठो अम्मा," आणि सही केली. मग कागद तुझ्याकडे सरकवला आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. तू सही केलीस. जानेवारीपासून मी ज्यासाठी जिवाचं रान केलं ते पंख्याचे चार फेरे व्हायच्या आत झालं.

तू नामपल्लीला गाडीत चढताना म्हणालास, बघ, अप्पा किती शांत आहेत. शांत? गाडी सुटल्यावर काय झालं ते ऐक. रिक्षात बसलो. अफझलगंजच्या पुढे आल्यावर म्हणाले, "हर्ष जाडा झाला." मी म्हटलं हो. चादरघाटच्या पुलापाशी म्हणाले, "बँकांची ऑडिट सोडून देतो. पत्र टाइप करायला सांगितलंय."

मी म्हटलं, अप्पा, एक माणूस ठेवा, मी बघून देते, दोन मुलं आहेत चांगली.

"नक्को. चार जुने अशील आहेत, त्यांचा इन्कमटॅक्स भरीन. तेवढं दिसतं मला."

तेवढं दिसतं. दादा, तुला माहीत नाही, त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गेली दोन वर्षं बारीक आकडे मी वाचून दाखवते. ते मला सांगत नाहीत की दिसत नाही, फक्त म्हणतात, "जरा मोठ्याने वाच, म्हणजे दोघांचं लक्ष राहील." मीही कळू देत नाही. मी हे तुला आधी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, मग तू जाऊ नकोस. तूच काय, मीही म्हणाले असते.

मला चीड कशाची येते सांगू? ते अडवत होते तोवर बरं होतं. मी भांडत होते. आता सही झाली आणि माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. जा म्हणत नाहीत, राहा म्हणत नाहीत, अभिनंदन तर दूरच. काल रंगाऱ्याला बोलावून माझं नाव पाटीवरून काढायला सांगितलं, आणि मला म्हणतात काय, "या खेपेस नीट खरवडून घे, तिथे उभी राहा." मी उभी राहिले. स्वतःचं नाव पुसून घ्यायला उन्हात उभी राहिले, आणि तुझा तो 'ह'ही गेला.

डोळ्याच्या ऑपरेशनचं मी बघते आहे. वहिनींना विचार, जूनमध्ये त्या इथे येऊन राहू शकतील का. मला नव्या नोकरीत लगेच रजा मिळणार नाही. वहिनींना सांग, त्या 'परवा'बद्दल अप्पांनी स्वतः विचारलंय: "तिला वाईट वाटलं असेल, नाही?" एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढंही पुष्कळ.

मी मंगळवारपासून जाते आहे.

त्रिवेणी


जीडिमेटला
१८ जून १९९५

दादा,

रविवार असून ऑफिसात आहे. वार्षिक हिशोब पुरे करायचेत, आणि इथे पंखा नाही, कूलर आहे. डोक्यावर जाळीची टोपी घालून यंत्रांपाशी जाते. तिथे पावसासारख्या कॅप्सूल पडत असतात, अर्धी लाल अर्धी पिवळी. पहिल्या दिवशी मला खुळ्यासारखं हसू आलं. वहिनी आल्यात ते बरं झालं. त्या अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि अप्पा त्यांचे उच्चार सुधारतात, त्यामुळे दोघंही खूश आहेत. ऑपरेशन चांगलं झालं. डोळा हलू नये म्हणून पट्टी दोन्ही डोळ्यांवर बांधलीय, डॉक्टर म्हणाले आठवड्यात निघेल.

आता मुद्द्याचं. तुझा मुद्दा क्रमांक तीन मोडून लिहिते.

या आठवड्यात आमचे ऑडिटर आले होते. बशीरबागेतली मोठी फर्म, त्यातले अनिल म्हणून एक भागीदार, टाय वगैरे लावून. मी टेबलाच्या या बाजूला बसलेली, पहिल्यांदाच. त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांचा फोन आला होता मला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, झालं! 'पोरगी नवीन आहे, सांभाळून घ्या' म्हणून वशिला लावला असणार. आयुष्यभर कुणाचा चहा पिताना दहादा विचार करणारा माणूस, आणि आता माझ्यासाठी हे? घरी जाऊन पट्टी बांधलेल्या माणसाशी कसं भांडायचं याची मी मनात तयारीही केली. म्हटलं, काय म्हणाले?

अनिल हसत होते. म्हणाले, "केशवराव सारांनी सांगितलं, 'तिच्या हिशोबाला हात लावायच्या आधी पोटभर जेवून या, दमाल. चूक सापडली तर मला फोन करा. अकरा वर्षं मी शोधली, मला काही मिळाली नाही.'"

मी म्हटलं, एक मिनिट, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. अकरा वर्षं, दादा! बशीरबागेतल्या टायवाल्याला सांगितलं. मला नाही सांगितलं. मी समोरच्या खुर्चीत बसलेली होते. हात लांब केला असता तर लागला असता.

आणि ऐक, चूक सापडली. अनिलनाच सापडली, दुसऱ्या दिवशी. ज्या कॅप्सूल वाकड्या निघतात त्या परत वितळवून वापरतात, आणि तो सगळा ढीग मी तयार मालात धरला होता. कारखान्यातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही, कागदावर आकडा होता तो घेतला. ऑडिटरची सवय. इतकी लाज वाटली की वेंकटरत्नम गारूंना मी स्वतःच जाऊन सांगितलं.

घरी गेले तेव्हा अप्पा पट्टी बांधून आरामखुर्चीत होते. माझ्या चपलेचा आवाज ओळखला. म्हणाले, "सापडली का?"

खोटं बोलणं सोपं होतं, त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता. मी म्हटलं, "सापडली. एक." आणि काय झालं ते सांगितलं. मी वाट बघत होते की आता त्यांचं सुरू होईल: मोजणी स्वतः करायची असते, आकडा जिथे जन्मतो तिथे जायचं असतं, हे मी तुला किती वेळा सांगितलं. तुला पाठ आहे, मला पाठ आहे.

अप्पा म्हणाले, "हां." मग मान माझ्याकडे वळवून, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे वळवून, म्हणाले, "मग आता तू काय करायचं ठरवलंयस?"

मी सांगत बसले. मोजणी कशी बदलायची, वाकडा माल वेगळ्या पिंपात कसा ठेवायचा, पाळी संपताना कुणी लिहायचं. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. अप्पा मधेमधे विचारत होते, "आणि तो नाही म्हणाला तर?" आणि मी सांगत होते. एकदाही म्हणाले नाहीत की हे चूक, ते बरोबर. नुसतं ऐकत होते.

मी तेव्हापासून धुमसते आहे. वहिनी म्हणतात यात रागवण्यासारखं काय आहे, चांगलंच तर बोलले. त्यांना कसं सांगू? म्हणून तुला लिहिते. इतकी वर्षं त्या ऑफिसात मी रोज त्यांच्या समोर बसले, दादा. 'तू काय करायचं ठरवलंयस' हे त्यांनी मला तिथे एकदा जरी विचारलं असतं, तरी मी कुठेही गेले नसते.

तुझी,
त्रिवेणी